माझी नसलेली चिप

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. बसू नये अशीच ही गोष्ट आहे. दुसऱ्या कोणी मला ती सांगितली असती, तर मीच त्याला म्हटलं असतं, बाबा रे, चहा घे आणि घरी जा. पण ती माझ्यावर बेतलेली आहे, आणि मी उभी नोकरी टेलिफोन डिरेक्टरीची मुद्रितं तपासण्यात घालवली आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे आकडे बरोबर आहेत की नाहीत एवढंच बघितलं, तो स्वतःच्या गोष्टीत एक आकडा तरी इकडचा तिकडे करील का? अख्ख्या शहराचे नंबर मला पाठ होते. अजून आहेत. त्यातली निम्मी माणसं आणि झाडून सगळे नंबर आता चालत नाहीत, हा दोष माझा नाही.

ही गोष्ट मी सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, साडूंच्या दिवाणखान्यात, केक कापून झाल्यावर सगळ्यांना सांगितली. तीच इथे लिहितो आहे. काही जागा तिथे गाळल्या होत्या, कारण साडू समोर बसले होते. त्या इथे भरतो.

आधी साडूंविषयी. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी लिफ्ट-निरीक्षक होते. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, ती सवय त्यांना कायमची लागली. काहीही सांगा, ते "हं" म्हणतात. सासूबाई त्यांच्याकडेच राहतात, त्याही "हं" म्हणतात. त्या घरात संध्याकाळभर एवढंच संभाषण चालतं आणि दोघं तृप्त असतात. मी मात्र त्या घरी गेलो की दारापासून बोलतो, हवापाणी सांगतो, नकला करतो, आणि सासूबाई शेवटी म्हणतात, "थोरल्यांना विचारा, ते काय म्हणतात." थोरले काय म्हणणार? हं.

मला कोणाचा हेवा वाटत नाही. हे मी तिथेही म्हणालो होतो. फक्त एक नोंद म्हणून सांगतो की साडूंचे केस अजून काळे आहेत, त्यांच्या कुंडीतल्या गुलाबाला फुलं येतात, त्यांची छत्री पहिल्या दाबात उघडते, आणि त्या घरात त्यांना चहा त्यांच्या स्वतःच्या कपातून मिळतो. मला पाहुण्यांच्या कपातून मिळतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून पाहुण्यांच्या.

तर असाच पाहुण्यांच्या कपातून चहा पीत असताना सासूबाईंनी कपाटातून एक कॅसेट काढली.

"ह्यांचा आवाज आहे ह्यात," त्या म्हणाल्या. ह्यांचा म्हणजे आमच्या दिवंगत सासऱ्यांचा. "टेपरेकॉर्डर घरी आणला त्या दिवशीचा. वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून ऐकावा म्हणते. पण फीत जुनी झाली. हल्ली कॉम्प्युटरात घालतात ना? थोरले, तुम्ही घाला."

"हं," साडू म्हणाले. मग त्यांनी क्वचित बोलतात तसं एक पूर्ण वाक्य उच्चारलं. "माझ्यात चिप आहे."

मेव्हणीने खुलासा केला. साडूंनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यात म्हणे सुरक्षेची चिप असते. कुलपाची किल्ली ती चिप सांभाळते. कॉम्प्युटरची डिस्क कोणी काढून नेली तरी त्या चिपशिवाय त्याला आतलं अक्षर वाचता येत नाही. "बाबांचा आवाज म्हणजे सुरक्षितच ठेवायला पाहिजे," मेव्हणी म्हणाली, आणि सासूबाईंनी साडूंकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर माझ्या वाट्याला लग्नाच्या फोटोतसुद्धा आलेली नाही.

"माझ्यातही आहे," मी म्हणालो.

हे मी ठरवून म्हणालो नाही. आतून आलं.

"तुमचा तर जुना आहे ना?" साडूंनी विचारलं.

"जुना आहे म्हणून काय झालं? पूर्वी सगळं आतच घालून द्यायचे."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग तुम्हीच करा, जावईबापू. थोरल्यांना माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे फेऱ्या मारायच्यात."

आणि कॅसेट माझ्या हातात आली. त्या घरात मला मिळालेलं हे पहिलं काम. आतापर्यंत "तुम्ही बसा हो" एवढंच काम माझ्याकडे असे, आणि ते मी चोख करत होतो.

रस्त्यात बायकोने विचारलं, "आहे का आपल्यात चिप?"

"असेल."

"अहो, एकच कॅसेट आहे. बाबांचा दुसरा आवाज कुठेच नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो, आणि कॅसेट एका खिशातून काढून जास्त खोल खिशात ठेवली.

घरी येऊन कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत धूळ होती, एक हरवलेलं पेनाचं टोपण होतं. चिप आहे की नाही कळेना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांच्याकडे बारीक टॉर्च आणि आरसा असतो. ते आले, गुडघ्यावर बसले आणि सवयीने कॉम्प्युटरला म्हणाले, "जरा मोठं उघडा." मग एकेक भाग चिमट्याने टकटक करून बघितला. शेवटी हात पुसत म्हणाले, "इथे जागा सोडलेली आहे, पण उगवलेली नाही. अक्कलदाढेसारखं असतं. काहींना येतच नाही."

"मग आता?"

"त्रास देत नसेल तर राहू द्या."

त्रास देत होती ना. न उगवलेली चिप मला साडूंच्या बाजूने ठणकत होती.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवाल्याकडे गेलो. हा एका कंपनीच्या सर्व्हरखोलीत काम करतो. तिथे यंत्रांसाठी इतकं गार ठेवतात की तो घरी आला तरी स्वेटर काढायला विसरतो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"काका, खरी चिप हवी कशाला? तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर करू. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला देऊ नकली चिप."

"नकली?"

"सॉफ्टवेअरच चिपचं सोंग घेतं. आतल्या कॉम्प्युटरला फरक कळत नाही. तो खऱ्यासारखीच किल्ली तिच्याकडे ठेवायला देतो."

"पण नसलेली चिप आहे म्हणायची, हे बरं दिसतं का?"

"काका, आतला कॉम्प्युटर तरी कुठे आहे?"

या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

त्याने माझ्या देखत काम उरकलं. आतला कॉम्प्युटर बंद केला, 'हार्डवेअर जोडा' असं बटण दाबलं, यादीतून सुरक्षा चिप निवडली, प्रकाराच्या जागी 'नक्कल' निवडलं, झालं. पेचकस नाही, स्क्रू नाही, वास नाही. आतला कॉम्प्युटर जागा झाला आणि त्याने पडद्यावर जाहीर केलं की माझ्यात सुरक्षा चिप आहे. मला भरून आलं. खोटं बोललेली गोष्ट आपोआप खरी होणं हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

सर्व्हरवाला गेल्यावर मनात आलं, साडूंकडे एक आहे, आपण दोन घालाव्यात. पुन्हा तेच बटण दाबलं. प्रोग्रामने बाणेदारपणे सांगितलं, एका यंत्राला एकच चिप. मग मी आतले कॉम्प्युटरच तीन केले आणि प्रत्येकाला एकेक चिप दिली. कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. पण साडूंकडे एक, माझ्याकडे तीन. बायको म्हणाली, "तीन कशाला?" मी म्हणालो, "असू द्याव्यात."

मग कॅसेट. दाताच्या डॉक्टरांकडचा जुना टेपरेकॉर्डर आणला, वायर जोडली आणि ऐकू लागलो. आधी नुसती खरखर. मग सासऱ्यांचा आवाज आला. मी त्यांना एकदाच भेटलो होतो, तेव्हा त्यांनी माझ्या बुटांकडे बघून मान हलवली होती. "हॅलो, हॅलो," ते म्हणत होते, "हे यंत्र अत्यंत गुंतागुंतीचं असून मी ते एका प्रयत्नात सुरू केलेलं आहे." मागून एका तरुण बाईचा आवाज आला. "खोटं. बटण मी दाबलंय." मग दोन लहान मुलींचं हसणं, आणि सासरे हळूच म्हणाले, "हं."

बायको दारात उभी होती. ती हसणारी धाकटी तीच होती.

आवाज आतल्या कॉम्प्युटरात पुरता उतरला आणि तेवढ्यात टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. खाल्ली म्हणजे चावून चावून, भुगा करून खाल्ली. आता आवाज फक्त माझ्या आतल्या कॉम्प्युटरात होता. मी त्याला लगेच कुलूप घातलं, किल्ली नकली चिपने ठेवून घेतली. अडचणीच्या वेळी लागणारा भलामोठा आकडाही पडद्यावर आला, 'हा सुरक्षित जागी ठेवा' म्हणून. सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती? मी तो त्याच कुलपाच्या आत ठेवला.

आता एक गाळलेली जागा. हे तिथे सांगितलं नाही, आणि पुढे याचा काही संबंधही नाही. सर्व्हरवाल्याने मला दाखवलं होतं की नकली चिपचा सगळा जीव कॉम्प्युटरात एका छोट्या फोल्डरमध्ये असतो. मी घाईत त्याचं नावही न वाचता ते फोल्डर उचललं आणि साडूंना ईमेलने पाठवलं. सोबत लिहिलं, 'साडूभाऊ, ही माझी चिप. तुमची अशी पाठवता येईल का?' चिप पाठवणारा मी पहिलाच माणूस असेन. मी उत्तराची वाट बघत बसलो. जळफळाट होईल, निदान जेवण जाणार नाही. उत्तर आलं, 'हं.' ईमेलमध्येसुद्धा. मी चिडून माझ्याकडची ती पाठवलेली ईमेल पुसून टाकली. असो.

त्यानंतर सोसायटीचं प्रकरण. मी जिन्यात दोन-चार जणांना सहज सांगितलं होतं की आमच्याकडे सुरक्षा-उपकरण बसवलं आहे. सेक्रेटरींचं पत्र आलं, की इमारतीत कोणतंही सुरक्षा-उपकरण बसवायला समितीची पूर्वपरवानगी लागते, सबब पाहणी करण्यात येईल. सेक्रेटरी दोन सभासद आणि मोजायची टेप घेऊन आले.

"उपकरण कुठे आहे?"

"इथे," मी कॉम्प्युटर दाखवला.

"हा कॉम्प्युटर आहे."

"त्याच्या आत दुसरा आहे. त्याच्या आत चिप आहे."

"दाखवा."

"ती तशी नाहीच."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "म्हणजे उपकरण नाही?"

"आहे. पण नाही."

"नसलेल्या उपकरणाला परवानगी देता येत नाही," ते म्हणाले. "आणि असेल तर ते विनापरवाना आहे. तुम्ही ठरवा." जाता जाता एका सभासदाने सल्ला दिला की एखादी पाटी लावा, 'येथे चिप आहे' अशी, म्हणजे चोर येणार नाहीत. दुसरा म्हणाला, पाटीला वेगळी परवानगी लागेल. दोघं त्यावर जिन्यात बराच वेळ भांडत होते.

या सगळ्याने मी दुखावलो. दुखावलो की मी आवराआवर करतो. कॉम्प्युटर तीन यंत्रांनी गच्च भरला होता, म्हणून जादा दोन यंत्रं काढून टाकली आणि मग कोपरे झाडायला घेतले. एका कोपऱ्यात एक फोल्डर दिसलं. नाव काय, तर आकडे आणि अक्षरं यांची खिचडी. मध्येच आडव्या रेघा. ना नाव, ना गाव, ना पत्ता. आत जेमतेम चिमूटभर फाइल. डिरेक्टरीत असली ओळ दिसली की मी डोळे मिटून खोडत असे, छापखान्यातल्या कोणीतरी हात टेकवलेला असे. इथेही खोडली. कॉम्प्युटरने दोनदा विचारलं, खात्री आहे का. मला खात्री असते. कचरापेटीही रिकामी केली, कारण काम करायचं तर पूर्ण करावं.

दुसऱ्या दिवशी आतला कॉम्प्युटर उघडला, तर त्याने मला ओळखलंच नाही. निळा पडदा, आणि वर मागणी, तो अडचणीचा आकडा द्या. आकडा कुठे होता? आत.

सर्व्हरवाला स्वेटरसकट खाली आला. त्याने बघितलं आणि स्वेटरची बाही वर केली. हे वाईट लक्षण होतं.

"काका, तुम्ही चिप पुसलीत."

"ती चिप होती? नाव तर धड नव्हतं तिला."

"तेच नाव होतं. आता प्रोग्रामने कोरी नवी चिप दिलीय. आतल्या कॉम्प्युटरला ती परकी आहे. तो किल्ली मागतोय, हिच्याकडे किल्ली नाही."

"मग त्याला सांग की ती खरी नव्हती म्हणून. एवढं काय मनावर घ्यायचं?"

"त्याच्यासाठी ती खरीच होती, काका. कुलूपही खरंच लागलंय. दुसरी प्रत आहे का कुठे?"

मी मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलवली, ते आता नीट आठवत नाही.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. त्यांनी चिपवर छापलेला क्रमांक विचारला. मी म्हणालो, छापायला चिप हवी. त्या म्हणाल्या, मग चिपचा फोटो पाठवा. मी म्हणालो, ती नव्हती, आणि आता तीही नाही. त्यांनी मला वरिष्ठांकडे जोडून दिलं. वरिष्ठांनी सगळं ऐकून पुन्हा त्याच बाईंकडे जोडून दिलं.

वाढदिवस तोंडावर आला होता. बायको माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती टेपरेकॉर्डरमधून फितीचे तुकडे काढून एका डबीत भरत होती.

"आईला काय सांगायचं?" तिने विचारलं. "की थोरल्यांकडे दिली असती तर बरं झालं असतं?"

हे वाक्य मला लागलं. इतकं लागलं की मी उठलो. आणि इथून पुढचं, जे दिवाणखान्यात सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं, ते असं.

मी तिला म्हणालो, "तू स्वयंपाकघरात जा आणि दार लावून घे." मी कॉम्प्युटरसमोर बसलो, डोळे मिटले. पुसण्यापूर्वी मी ती फाइल उघडून एक नजर टाकली होती. मुद्रितशोधकाची नजर आहे, ती नुसती पडत नाही, ठसा उमटवते. ओळीमागून ओळ डोळ्यांसमोर येऊ लागली. आकडे, अक्षरं, मध्येच चांदणी, मध्येच कोणत्याच भाषेत नसलेलं चिन्ह. ज्याला अख्खं शहर पाठ होतं, त्याला एक चिप किती जड? मी टाइप करत गेलो. सबंध चिप स्मरणातून लिहून काढली, एकदा उलटी वाचून तपासली, एका जागी नजरचूक झाली होती तिथे दुरुस्ती केली, त्याच खिचडीच्या नावाने फोल्डर करून त्यात ठेवली. आतला कॉम्प्युटर सुरू केला. तो घटकाभर घुटमळला. मग त्याने चिप ओळखली, किल्ली घेतली, कुलूप उघडलं.

"आणि म्हणूनच," मी दिवाणखान्यात सगळ्यांकडे बघत म्हणालो, "आत्ता केक कापल्यावर आपण तो आवाज ऐकला."

मेव्हणीच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, ते आवाजाचं होतं, पण माझ्या गोष्टीलाही थोडं मिळालं असं मी धरून चाललो. बायको पडद्याची झालर मोजत होती. साडू खुर्चीत बसले होते, मांडीवर केकची बशी.

"सगळी पाठ होती?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"हं," साडू म्हणाले, आणि त्या हुंकारात चक्क आदर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी छाती फुगली. मेव्हणी उठली आणि चहा घेऊन आली, आणि देवाशपथ सांगतो, माझ्यापुढे साडूंचा कप ठेवला.

मी तो उचलला.

"खोटं," सासूबाई म्हणाल्या.

कप अर्ध्या वाटेवर थांबला.

"ती चिप थोरल्यांच्या ईमेलमधून आली," त्या शांतपणे केक खात म्हणाल्या. "तुम्ही इथे फोन केलात. 'साडूभाऊ, तुमच्या पाया पडतो, मी पाठवलेली चिप मला परत पाठवा. तुमचीच चिप भारी, तुमची छत्रीसुद्धा भारी. पण एवढं करा, सासूबाईंना कळू देऊ नका.'"

मी साडूंकडे बघितलं. ज्या माणसाच्या तोंडून जन्मात चार वाक्यं निघाली नाहीत, त्याने नेमकी हीच बाहेर काढावीत? साडू मान हलवत होते. नाही, नाही.

"त्यांच्याकडे काय बघता, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "मी नुसतं हं हं करत होते. फोन मी उचलला होता."